पाच दिवसांचा उपग्रह आणि साडेचोवीस हजार रुपये

पत्राचा सारांश : रत्नागिरी जिल्ह्यातील एका बंदरगावातून एका आईचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी गावच्या मराठी माध्यमाच्या शाळेत नववीत शिकते. वडिलांची मासेमारीची छोटी होडी आहे, आई घरी आगळ आणि कोकम सरबत करून विकते. गणपतीची सुट्टी संपल्यावर एका खासगी संस्थेचे लोक शाळेत आले, त्यांनी रॉकेट उडतानाची चित्रफीत दाखवली आणि दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला भरणाऱ्या पाच दिवसांच्या निवासी ‘उपग्रह निर्मिती कार्यशाळे’ची पत्रके वाटली. शुल्क साडेचोवीस हजार रुपये. पत्रकावर ‘तुमचा उपग्रह अंतराळात’ आणि ‘इस्रोकडे पहिले पाऊल’ अशी वाक्ये आहेत. मुलीने तेव्हापासून ध्यास घेतला आहे. वडिलांचे म्हणणे असे की पुढच्या वर्षी दहावी आहे आणि एवढे पैसे घालून हातात काय पडणार ते कुणी सांगत नाही. आईला वाटते की गावात राहून मुलीला हे कधीच मिळणार नाही, शहरातली मुले पुढे निघून जातील आणि आता नाही म्हटले तर आपणच तिचे पंख छाटल्यासारखे होईल. पत्राच्या शेवटी त्यांनी जाता जाता लिहिले आहे की मुलीला असल्या गोष्टींचा पहिल्यापासून नाद आहे; दोन पावसाळे ती बाटली कापून केलेल्या पर्जन्यमापकाने रोज सकाळी पाऊस मोजते आणि वहीत लिहून ठेवते. तिला पाठवावे की नाही, हा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मुलीला उपग्रह कसा बनतो हे हाताने शिकण्याची संधी द्यावी का, हा एक. आणि ती संधी म्हणजे हीच कार्यशाळा का, हा दुसरा. पहिल्याचे माझे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. दुसऱ्याचे उत्तर तुम्हाला त्या संस्थेकडूनच काढून घ्यावे लागेल, आणि ते हाती येईपर्यंत एक रुपयाही भरू नये, असे मला वाटते.

आधी पत्रकावरच्या पहिल्या वाक्याकडे पाहू. पुण्याच्या सीओईपी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी ‘स्वयम्’ नावाचा, एक किलोपेक्षाही किंचित कमी वजनाचा उपग्रह बनवला. त्याचे काम 2008 मध्ये सुरू झाले आणि तो 22 जून 2016 रोजी इस्रोच्या पीएसएलव्ही या रॉकेटच्या सी-34 उड्डाणातून कक्षेत गेला. आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ त्याच वर्षी 26 सप्टेंबरला गेला, आणि त्याचीही तयारी 2007 पासून चालली होती. म्हणजे अभियांत्रिकीच्या हुशार मुलांच्या एकामागून एक तुकड्या, प्राध्यापकांचे मार्गदर्शन आणि इस्रोच्या चाचण्या एवढे सगळे पाठीशी असताना आठ-नऊ वर्षे लागली. उशिराचे कारण आळस नव्हते. कक्षेत जाणाऱ्या वस्तूला रॉकेटचे हादरे सोसावे लागतात, निर्वात पोकळीत दर दीड तासाला ऊन आणि काळोख, ताप आणि गारठा झेलावा लागतो, आणि एकदा वर गेल्यावर सैल झालेला एक स्क्रूही आवळायला कुणी जाऊ शकत नाही. म्हणून जमिनीवर प्रत्येक भाग पुन्हा पुन्हा तपासावा लागतो. ते पाच दिवसांत होत नाही. पत्रकात तसे भासवले असेल, तर एक तर शब्द सैल वापरले आहेत, नाही तर जाणूनबुजून.

शालेय मुलांचा खऱ्या उपग्रहाशी संबंध येतच नाही, असे मात्र नाही. ‘आझादीसॅट’ या उपग्रहासाठी देशातल्या 75 सरकारी शाळांमधील 750 मुलींनी साधारण 50 ग्रॅम वजनाचे 75 छोटे भाग तयार केले होते. 7 ऑगस्ट 2022 रोजी इस्रोच्या एसएसएलव्ही या छोट्या रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात रॉकेट ठरलेल्या कक्षेत पोहोचले नाही आणि तो उपग्रह गेला. त्याचा दुसरा अवतार 10 फेब्रुवारी 2023 रोजी यशस्वीपणे कक्षेत गेला. त्या मुलींनी केलेले काम खरे होते, पण ते मोठ्या उपग्रहातल्या एका छोट्या तुकड्याचे होते आणि बाकी जुळणी जाणकारांनी केली, हे तिथे कुणी लपवले नाही. तुमच्या पत्रकातही तसे स्पष्ट लिहिलेले हवे. ‘अंतराळात’ म्हणजे कोणत्या रॉकेटने, कोणत्या कक्षेत, कधी, हे विचारा. हेलियमच्या फुग्याने पाठवणार असतील, तर तो फुगा साधारण 30 किलोमीटरपर्यंत जातो, आणि अंतराळाची रूढ सीमा 100 किलोमीटरवर मानतात. फुग्याने उपकरण वर सोडणे हा उत्तम प्रयोग आहे. त्याला फुगाच म्हणावे, एवढेच.

नवशिक्यांच्या चांगल्या कार्यशाळांमध्ये खरोखर बनवतात तो बहुधा ‘कॅनसॅट’ असतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक बॉब ट्विग्ज यांनी 1998 मध्ये ही कल्पना मांडली: शीतपेयाच्या डब्यात मावेल एवढ्या जागेत उपग्रहाचे सगळे अवयव बसवायचे आणि तो उंचावरून पॅराशूटने खाली सोडायचा. पुढच्याच वर्षी त्यांनी होर्दी पुइग-सुआरी यांच्याबरोबर दहा सेंटिमीटरच्या घनाचा ‘क्यूबसॅट’ मांडला, ज्याच्या मापात आज जगभर छोटे उपग्रह बनतात. डबा कक्षेत जात नाही, पण त्यात वीज पुरवणारी बॅटरी असते, निर्णय घेणारा छोटा संगणक असतो, तापमान आणि दाब मोजणारे संवेदक असतात, माहिती जमिनीवर पाठवणारा रेडिओ असतो, आणि खाली ती माहिती पकडून तिचा अर्थ लावणारी मुले असतात. शिकायचे ते सगळे इथे आहे. कार्यशाळेत डबाच बनवतात असे कळले तर हिरमुसू नका. ती संस्था प्रामाणिक असण्याची शक्यता उलट वाढते.

आता कसोटी कोणती लावायची? माझ्या मते एकच: पाच दिवसांत तुमच्या मुलीचे हात किती तास कामात असतील. अनेक ठिकाणी प्रशिक्षक सगळे भाग जोडून, प्रोग्राम भरून तयार ठेवतात आणि मुले शेवटची वायर खोचून फोटो काढतात. उकड काढून, सारण भरून, कळ्या पाडून मोदक तयार ठेवावेत आणि मुलीने मोदकपात्रावर झाकण ठेवले की ‘मोदक तिने केले’ म्हणावे, तसला तो प्रकार. म्हणून विचारा की सुट्या भागांच्या एका संचावर किती मुले बसतात. तीन-चारपेक्षा जास्त असतील तर मागे बसणारी मुले फक्त बघतात, आणि मराठी माध्यमातून आलेली, नव्या जागी बुजलेली मुलगी बहुधा मागेच बसते. सोल्डरिंग, म्हणजे धातूची तार वितळवून भाग जोडणे, मुले स्वतः करतात का, हे विचारा. शिसे-कथलाची तार 183 अंशांना वितळते आणि सोल्डरिंग आयर्नचे टोक त्याहून बरेच तापलेले असते, त्यामुळे एका प्रशिक्षकाकडे किती मुले, डोळ्यांना चष्मा आणि खोलीत खेळती हवा आहे का, हेही त्यातच आले. चांगला सांधा चकचकीत आणि डोंगराच्या उतारासारखा पायथ्याशी पसरलेला दिसतो. निस्तेज, गोळा झालेला सांधा आतून सुटा असतो आणि धक्का बसला की संपर्क तुटतो. हा फरक ज्या मुलीने स्वतःच्या हाताने एकदा बिघडवून आणि एकदा सुधारून पाहिला, तिला पाच दिवसांत पुष्कळ मिळाले.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या. प्रोग्राम मुले ओळ ओळ समजून लिहितात की तयार चिकटवतात. आणि संच घरी आणता येतो का. शेवटची गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. संच तिथेच ठेवून फक्त प्रमाणपत्र घेऊन यायचे असेल, तर परतल्यावर आठ दिवसांत सगळे विसरायला होते.

‘इस्रोकडे पहिले पाऊल’ याबद्दल थोडक्यात. इस्रोत शास्त्रज्ञ किंवा अभियंता म्हणून जाण्याचा रस्ता पदवी, तिथले गुण आणि भरतीची परीक्षा-मुलाखत यांतून जातो, नाही तर बारावीनंतर जेईई ॲडव्हान्स्ड या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर तिरुवनंतपुरमच्या आयआयएसटी या अंतराळ विज्ञानाच्या संस्थेत प्रवेश घेऊन. शाळकरी वयातल्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र यांपैकी कुठेच मोजले जात नाही. मात्र नववीच्याच मुलांसाठी इस्रोचा स्वतःचा ‘युविका’ हा कार्यक्रम आहे. 2019 मध्ये सुरू झालेला हा साधारण दोन आठवड्यांचा निवासी कार्यक्रम उन्हाळ्याच्या सुट्टीत इस्रोच्या केंद्रांवर होतो, आणि राहणे, जेवण व प्रवासाचा खर्च इस्रो करते. निवडीत आठवीचे गुण मुख्य असतात, त्याशिवाय विज्ञान प्रदर्शनातला सहभाग, ऑनलाइन प्रश्नमंजूषा यांचे गुण धरतात आणि पंचायत क्षेत्रातल्या ग्रामीण शाळांच्या मुलांना वेगळे भारांकन असते. गेली काही वर्षे नोंदणी फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास झाली आहे. तुमची मुलगी आत्ता नववीत आहे, म्हणजे तिला ही संधी याच वर्षी आहे. गावात राहणे इथे तिच्या आड येत नाही, उलट कामी येते. निवड होईलच असे नाही, जागा फार थोड्या असतात. पण अर्ज न करण्याला काही कारण नाही.

तुमच्या यजमानांबद्दलही दोन शब्द लिहितो. पत्रात तुम्ही त्यांना विरोधक ठरवले आहे, पण ‘हातात काय पडणार’ हा त्यांचा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो, आणि वरचे सगळे प्रश्न त्यातूनच निघाले आहेत. जून-जुलैची मासेमारी बंदी नुकतीच उलटली, हंगाम आत्ता कुठे सुरू होतो आहे. अशा वेळी साडेचोवीस हजार ही लहान रक्कम नव्हे. आणि उपग्रह त्यांना परका नाही. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेकडून मच्छीमारांना मिळणारी ‘संभाव्य मासेमारी क्षेत्रा’ची सूचना उपग्रहाने मोजलेले समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य यांवरूनच काढतात. ती सूचना कशी बनते हे त्यांनी आणि मुलीने एकत्र बसून समजून घेतले, तर घरातला हा वाद निम्मा तरी मिटेल. राहिली दहावी. नववीतले पाच दिवस दहावीला धक्का लावत नाहीत. दहावीच्या वर्षात मात्र तिने एखाद्या स्पर्धेच्या मागे महिनोन् महिने लागावे, असे मीही म्हणणार नाही.

आता तुमच्या ज्या समजुतीशी मी सर्वांत कमी सहमत आहे, तिच्याकडे येतो. ‘गावात राहून तिला हे कधीच मिळणार नाही.’ ताई, दोन पावसाळे रोज सकाळी एकाच वेळी मोजमाप घेऊन ते लिहून ठेवणारी मुलगी उपग्रहाचे निम्मे काम आधीच करते आहे. उपग्रह म्हणजे शेवटी एक मोजणारे यंत्र आणि त्याच्या नोंदींची न चुकता ठेवलेली वही. यंत्राचा भाग शिकायला सुरुवात घरूनही होते. ईएसपी-32 नावाचा छोटा संगणक, बीएमपी-280 हा दाब आणि तापमानाचा संवेदक, मेमरी कार्डाची खाच, ब्रेडबोर्ड (सोल्डरिंग न करता भाग खोचून जोडायची पाटी) आणि वायरी हे सगळे दोन-अडीच हजारांत बसते आणि टपालाने गावात येते. प्रोग्राम आधी ‘वोकवी’सारख्या विनामूल्य संकेतस्थळावर, काहीही विकत न घेता, चालवून पाहता येतो. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (केंद्र सरकारच्या योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर एवढाही खर्च नको. नसेल तर जवळच्या कुठल्या शाळेत आहे याची विज्ञानाच्या बाईंकडे चौकशी करा.

पहिला प्रयोग तुमच्याच गावात होईल. हा संवेदक बंदराच्या जेटीवर ठेवून दाब लिहायचा, मग तोच घेऊन सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढायचे. समुद्रसपाटीजवळ दर साडेआठ मीटर चढाला दाब साधारण एक हेक्टोपास्कलने (हे हवेचा दाब मोजायचे एकक) कमी होतो. जेटीवर 1011 आणि सड्यावर 1002 आला, तर सडा सुमारे 75 मीटर उंच आहे. पण ती सकाळी दहाला जेटीवर आणि दुपारी चारला सड्यावर गेली, तर हिशोब चुकेल, कारण हवेलाही भरती-ओहोटी असते: आपल्याकडे दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो, सकाळी दहाच्या सुमारास जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी, आणि हा फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा, म्हणजे वीस-पंचवीस मीटर उंचीएवढा असू शकतो. याला उपाय काय? दुसरा संवेदक जेटीवरच ठेवायचा आणि दोन्हींतला फरक धरायचा. हे तिला कुणी न सांगता सुचले, तर त्या क्षणी ती जे शिकेल ते कोणत्याही पत्रकात लिहिलेले नसते. तेव्हा कृपा करून हा परिच्छेद तिला लगेच वाचून दाखवू नका. आधी तिचा हिशोब चुकू द्या.

पुढची पायरी डब्याची. त्यासाठी पॅराशूट लागेल आणि कोकणात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. सगळे मिळून 300 ग्रॅम भरणारा डबा सेकंदाला पाच मीटर वेगाने उतरावा असे वाटत असेल, तर साधारण 55 सेंटिमीटर व्यासाचे कापड पुरते. मधोमध छोटे भोक ठेवले की डबा झोके कमी घेतो. शाळेच्या गच्चीवरून, खाली कुणी नाही याची खात्री करून, शिक्षकांच्या देखत सोडावा. मोठा फुगा किंवा ड्रोन यांच्या नादी मात्र परवानगीशिवाय लागू नये; मोकळा फुगा सोडायला हवाई वाहतूक यंत्रणेची संमती लागते, आणि रत्नागिरी व चिपी इथले विमानतळ लक्षात घेता हे नियम आपल्या किनाऱ्यावर पुस्तकी राहिलेले नाहीत. लिथियमचा सेल वापरला तर तो संरक्षक सर्किट असलेला घ्यावा आणि रात्री चार्जिंगला लावून झोपू नये. आणखी एक गोष्ट शहरातल्या प्रशिक्षकांना सुचणार नाही: खारा वारा. तुमच्याकडे उघडी ठेवलेली जोडणी एका पावसाळ्यात हिरवी पडते. संच घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवायचा.

वीज जाण्याचाही तिने फायदा करून घ्यावा. 2000 मिलिॲम्पिअर-तासांची बॅटरी 100 मिलिॲम्पिअर खाणाऱ्या यंत्राला जेमतेम वीस तास पुरते, पण तेच यंत्र दहा मिनिटांतून एकदा जागे होऊन मोजमाप घेऊन पुन्हा झोपले, तर अनेक दिवस चालते. सौर पट्टीवर जगणाऱ्या उपग्रहालाही असाच काटकसरीचा हिशोब ठेवावा लागतो. माहिती दूर पाठवायची झाली, तर 865 ते 867 मेगाहर्ट्झ या पट्ट्यात, ठरवून दिलेल्या शक्तीच्या मर्यादेत, परवान्याशिवाय चालणारे, थोड्या विजेत लांबवर माहिती पाठवणारे ‘लोरा’ रेडिओ मिळतात. रेडिओची खरोखर गोडी लागली तर हौशी रेडिओचा परवाना बारा वर्षांवरील कुणालाही, केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा देऊन मिळवता येतो.

इतके केल्यानंतरही कार्यशाळेचे महत्त्व उरतेच, हे मला नाकारायचे नाही. स्वतः धडपडणाऱ्या मुलीला कुणी तरी बाजूला बसून ‘इथे ग्राउंडची वायर जोडली नाहीस’ असे दाखवणारे लागते, आणि आपल्यासारखेच वेड असलेली पंचवीस मुले भेटणे ही गोष्ट घरी मिळत नाही. म्हणून संस्थेची उत्तरे समाधानकारक आली, तर पाठवा. शक्यतो शाळेतली आणखी एक मुलगी बरोबर असू द्या, मुलींच्या निवासात रात्री महिला प्रतिनिधी कोण असते ते नावानिशी विचारा, शिकवणे मराठीत की इंग्रजीत तेही विचारा, आणि ठरलेले प्रक्षेपण झाले नाही तर काय, हे पावतीवर लिहून मागा. उत्तरे गोलमोल आली, तर नाही म्हणा आणि त्याच पैशांतले तीन-चार हजार काढून संच मागवा. शाळेतल्या चार-पाच मुलांनी मिळून घेतला तर आणखी बरे. मग डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तो सड्याचा प्रयोग आणि पावसाची वही मांडता येईल, आणि युविकाच्या अर्जातही ते कामी येईल.

एक गोष्ट मात्र पत्रात खटकली. मुलीचे स्वतःचे एकही वाक्य त्यात नाही. तिला नेमके काय हवे आहे, उपग्रह, पुणे, की गावाबाहेर आपल्यासारखी माणसे, हे तुम्ही आणि मी दोघेही अंदाजाने बोलतो आहोत. तेव्हा संस्थेला पाठवायचे प्रश्न तिलाच लिहायला सांगा, तिच्या शब्दांत, तिच्या नावाने, आणि तुम्ही फक्त खाली सही करा. नववीतल्या मुलीच्या पत्राला जी संस्था आठवडाभरात लेखी उत्तर देत नाही, तिच्याकडे पाच दिवस मुलगी सोपवायची नाही, हे ठरवायला यजमानांची आणि तुमची वेगळी बैठक लागणार नाही.